ताटाची डावी बाजू : अण्णांच्या चष्म्यावरच्या प्रिझम पट्टीचा आठ महिन्यांचा अनुभव

हा रिव्ह्यू चष्म्याच्या काचेवर चिकटवायच्या प्रिझम पट्टीचा आहे. स्ट्रोकनंतर किंवा डोक्याला मार लागल्यावर ज्यांची अर्धी नजर जाते त्यांच्यासाठी ही पट्टी असते. मी शोधत होते तेव्हा मराठीत याबद्दल काहीच सापडलं नव्हतं, म्हणून आठ महिने वापरून झाल्यावर सगळं सविस्तर लिहितेय. लांबलंय, पण घरात असा पेशंट असेल तर पूर्ण वाचा.

आधी अण्णांबद्दल सांगते. वय ६७, साताऱ्यात राहतात, एसटीत ड्रायव्हर म्हणून ३१ वर्षं काढली, पसरणी घाट आणि खंबाटकी त्यांना तोंडपाठ. मागच्या वर्षी एका सकाळी उठले ते डोकं धरूनच, डोकं ठणकतंय म्हणाले, जरा गोंधळल्यासारखे वाटत होते, आम्हाला वाटलं पित्त झालं असेल. हात पाय चालत होते, तोंड वाकडं नाही, बोलणं नीट, मग स्ट्रोकचा विचार कुणाच्या डोक्यात येणार? ते म्हणत होते की डाव्या डोळ्याला कमी दिसतंय. आम्ही त्यांना चष्म्याच्या दुकानात नेलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण तिथे त्यांना अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं, दोन्ही डोळ्यांनी ६/९ पर्यंत वाचलं, मग नजर चांगली आहे, नंबर थोडा बदललाय असं सांगून महागडा प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर) गळ्यात मारला. त्या तक्त्यावर फक्त मधली नजर कळते, बाजूची नजर गेलीय का हे त्यावरून कळतच नाही हे मला नंतर समजलं. त्या चष्म्यापायी अकरा दिवस गेले.

खरा प्रकार आईच्या लक्षात आला तो जेवताना. आपल्याकडे ताटाची डावी बाजू म्हणजे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. अण्णा तीन चार दिवस रोज विचारायचे, "आज चटणी केली न्हाईस का?" आणि चटणी समोर असायची. आईला आधी राग आला, नंतर भीती वाटली. एक दिवस तिने काही न बोलता ताट अर्धं फिरवलं, तर म्हणाले, "हां, आता वाढलीस." पोळी पण उजव्या अर्ध्यातलीच खाऊन व्हायची, डावीकडचा तुकडा तसाच राहायचा. दाराच्या डाव्या चौकटीला खांदा घासून घासून दंडावर निळं पडलं होतं आणि त्यांनी ते आम्हाला सांगितलंही नव्हतं.

मग न्यूरॉलॉजिस्ट, एमआरआय, आणि निदान झालं की मेंदूच्या मागच्या भागात उजव्या बाजूची रक्तवाहिनी बंद होऊन स्ट्रोक झालाय. आजाराचं नाव होमोनिमस हेमियानोपिया. साध्या भाषेत, दोन्ही डोळ्यांचं डावीकडचं अर्धं दिसणं गेलंय, डोळे मात्र ठणठणीत आहेत. डाव्या डोळ्याला कमी दिसतं असं अण्णांना वाटत होतं कारण जे दिसत नव्हतं ते सगळं डावीकडे होतं, पण उजवा डोळा झाकला काय आणि डावा झाकला काय, डावी बाजू गायबच. असं का, तर प्रत्येक डोळ्याच्या नाकाकडच्या बाजूच्या नसा मेंदूच्या तळाशी एकमेकींना ओलांडतात, त्यामुळे डावीकडचं सगळं चित्र, दोन्ही डोळ्यांचं मिळून, उजव्या मेंदूत जातं. डॉक्टरांनी फिल्मवर जागा दाखवून सांगितलं की इथे लागलंय म्हणून हा भाग गेलाय. एवढं नेमकं कसं कळतं म्हणून मी वाचत बसले तर कळलं की तात्सुजी इनोये नावाच्या जपानी डोळ्यांच्या डॉक्टरने १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धातले डोक्यात गोळी लागलेले सैनिक तपासले होते, पेन्शन ठरवण्यासाठी, आणि गोळी कुठून शिरली कुठून बाहेर पडली त्यावरून मेंदूत कुठला भाग काय पाहतो याचा नकाशा बनवला, १९०९ मध्ये छापला. कुणाच्या तरी जखमांमधून आलेलं ज्ञान आज माझ्या वडलांच्या कामी येतंय, ते वाचून डोळ्यात पाणी आलं माझ्या.

त्यानंतर फील्ड टेस्ट झाली, म्हणजे बाजूची नजर कुठपर्यंत आहे याची तपासणी. ही टेस्ट आधीच व्हायला हवी होती. एका पांढऱ्या गोलसर भांड्यात डोकावल्यासारखं बसायचं, हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या दिव्याकडे बघत राहायचं आणि बाजूला कुठे ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. अण्णा मन लावून बसले होते. मी मागे उभी राहून पाहत होते, डावीकडे ठिपका चमकायचा आणि त्यांचा अंगठा हलायचाच नाही, चमकायचा, नाही हलायचा. दोन्ही डोळ्यांचे कागद हातात आले ते सारखेच, उजवं अर्धं पांढरं, डावं अर्धं काळं. दोन्ही कागद इतके सारखे आले की दोष डोळ्यात नाही, मागे मेंदूत आहे असं समजायचं, टेस्ट घेणाऱ्या मॅडमनी समजावलं.

मॅडमनी घड्याळ पण काढायला लावलं. काही पेशंटना डावी बाजू दिसत नाही एवढंच नसतं, डावी बाजू असते हेच मेंदू विसरतो, त्याला निग्लेक्ट म्हणतात, ते लोक घड्याळाचे सगळे आकडे उजवीकडे कोंबतात. अण्णांनी बारा आकडे नीट गोल काढले. म्हणजे नजर गेलीय पण लक्ष शाबूत आहे, आणि पट्टीचा उपयोग व्हायला हेच लागतं. त्यामुळे ही तपासणी न करता कुणी पट्टी द्यायला लागलं तर घेऊ नका.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आपोआप सुधारायचं ते बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत सुधारतं, सहा महिन्यांनंतर फारसं नाही. अण्णांचं थोडं सुधारलं, अगदी मधल्या भागाजवळ बोटभर पट्टा उघडला. बाकी काळं ते काळंच राहिलं. या काळात एका ठिकाणी आम्हाला कॉम्प्युटरवरच्या चाळीस सिटिंगचं पॅकेज सांगितलं, गेलेली नजर परत आणून देतो म्हणाले. मी विचारलं पुरावा काय, तर दुसऱ्या पेशंटचे व्हिडिओ दाखवले. आम्ही नाही घेतलं. मी जे वाचलं त्यात कॉक्रेनचा (उपचारांवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) २०१९ चा आढावा होता, त्यात असं होतं की नजर डावीकडे टाकत राहायची सवय लावणाऱ्या व्यायामाने रोजचं जगणं सुधारू शकतं, पण काळा भाग त्याने उघडत नाही, आणि पुरावाही अजून कच्चाच आहे. थकलेल्या माणसांना खोटी आशा विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आता पट्टीबद्दल.

दिसायला अगदी साधी वस्तू आहे, मऊ पारदर्शक प्लास्टिक, जवळून बघितलं की कंगव्यासारख्या बारीक उभ्या रेघा दिसतात. फ्रेनेल प्रिझम म्हणतात. जाड काचेचा प्रिझम चष्म्यात बसवला तर वजनाने नाक दुखेल, म्हणून त्याचे पातळ काप शेजारी शेजारी मांडल्यासारखी ही शीट बनवतात. चष्म्यावर ती कुठे लावायची याची जी पद्धत आम्ही वापरली ती बोस्टनच्या शेपेन्स आय रिसर्च इन्स्टिट्यूटच्या एली पेली यांनी २००० साली मांडली, म्हणून पेली प्रिझम. पट्टी फक्त एकाच काचेवर, ज्या बाजूचं दिसत नाही त्या बाजूच्या. अण्णांच्या डाव्या काचेवर एक पट्टी बुबुळाच्या वर, एक खाली, आणि मध्ये साधारण सेंटिमीटरभर जागा मोकळी. सरळ बघताना ते मोकळ्या जागेतूनच बघतात. वरच्या आणि खालच्या पट्टीतून डावीकडचं चित्र उजवीकडे सरकून दिसणाऱ्या भागात येतं.

आमच्या पट्टीची पॉवर ४० आहे. याचा हिशोब सोपा आहे, एक मीटरवरची वस्तू ४० सेंटिमीटर सरकलेली दिसते, अंशात सांगायचं तर साधारण २२. त्याहून जास्त, ५७ पॉवरचे कडक प्लास्टिकचे पण येतात, काचेतच बसवलेले, पण मॅडम म्हणाल्या आधी चिकटवायची वापरा, जमलं तर पुढचं बघू. हा सल्ला फार मोलाचा होता. पेलींच्या टीमचाच २००८ चा एक अभ्यास आहे, ४३ लोकांना दिली, सहा आठवड्यांनी ३२ जण वापरत होते, आणि वर्षभरानंतर विचारलं तर २०. म्हणजे अर्ध्याहून जास्त लोकांनी सोडली. तेव्हा पहिल्याच दिवशी महागातलं घेऊ नका.

बसवायला पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लो व्हिजन, म्हणजे कमी दिसणाऱ्यांसाठीच्या विभागात गेलो होतो. अण्णांना खुर्चीत बसवून काचेवर मार्करने खुणा केल्या, मग कॉरिडॉरमध्ये चालवलं, परत खुणा तपासल्या. कागद कापून माप घेतलं, त्या मापाने शीट कापली, काच पाण्यात बुडवून पट्टी आतल्या बाजूने बसवली आणि अंगठ्याने दाबून दाबून बुडबुडे काढले. सगळं मिळून पाऊण तास लागला. खर्च आधीच्या फुकट गेलेल्या प्रोग्रेसिव्ह चष्म्यापेक्षा बराच कमी. चष्मा मात्र साधा लांबच्या नंबरचा लागतो, प्रोग्रेसिव्हवर ही बसवत नाहीत असं सांगितलं, म्हणजे तो चष्मा सगळ्याच अर्थाने वाया गेला.

पहिला आठवडा वाईट गेला. डोकं दुखायचं, मळमळायचं. सोफ्यावर बसलेली आई त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरवर बसलेली दिसायची, म्हणजे खरं कॅलेंडर आणि सरकून आलेली आई एकावर एक. अण्णा वैतागून चष्मा काढून ठेवायचे. मॅडमनी एक सराव शिकवला होता, त्याच्यावर मी अडून बसले. अण्णा खुर्चीत, नजर समोर देवघरावर. मी डावीकडून स्टीलचा पेला हळूच पुढे आणायचा. पट्टीत चकाकी दिसली की मान न हलवता हात लावायचा. पहिल्या दिवशी हात दर वेळी पेल्याच्या वीतभर उजवीकडे हवेत पडायचा. वीस वेळा केलं, वीस वेळा हवेत. तिसऱ्या चौथ्या दिवशी हात जवळ यायला लागला, आणि दहाव्या दिवशी पेल्याला टक्कन लागला. त्या आवाजाने आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

त्या दिवशी अण्णा जे बोलले त्यावरून मला ही पट्टी खरी समजली. म्हणाले, "आगं हा साईडचा आरसा हाय. आरशात गाडी दिसती तिथं ती नसती. आरशात दिसलं की मान वळवून बघायचं, मग गाडी वढायची." आम्ही दोन आठवडे समजावत होतो आणि त्यांनी एसटीच्या आरशावरून एका वाक्यात सांगितलं. पट्टीतून बघायचं नसतंच, पट्टीत काहीतरी हललं की मान डावीकडे टाकून मोकळ्या काचेतून नीट बघायचं. ज्यांना हे जमत नाही, जे पट्टीतूनच निरखायला जातात, त्यांना पुसट दिसतं, दोन दोन दिसतं, आणि ते कंटाळून सोडून देतात असं मला वाटतं.

उपयोग कुठे झाला ते सांगते. घरात दाराच्या चौकटी, उघडं राहिलेलं कपाटाचं दार, डावीकडून धावत येणारा माझा मुलगा, हे सगळं त्यांना आता कळतं. दंडावरचं निळं गेलं. गल्लीतून देवळापर्यंत एकटे जातात, डावीकडून येणारी मोटरसायकल पट्टीत आधी कळते आणि ते थांबतात. पूर्वी आवाज ऐकून दचकायचे आणि नेमके चुकीच्या बाजूला सरकायचे. ओळखीचं माणूस डावीकडून गेलं आणि अण्णांनी रामराम केला नाही म्हणून दोघा तिघांनी गैरसमज करून घेतला होता, तेही थांबलं, आणि त्यांच्यासाठी बहुतेक हीच सगळ्यात मोठी गोष्ट होती.

मंडईत मात्र उपयोग नाही. गर्दीत पट्टीत इतकं काही हलत असतं की डोकं गरगरतं, तिथे मी त्यांच्या डाव्या हाताला चालते आणि ते चष्मा बदलतात. रात्री समोरून गाडीचा लाईट आला की रेघांवर प्रकाश फुटतो, डोळ्यासमोर चकाकी पसरते. संध्याकाळच्या तिरप्या उन्हातही तेच. जिना उतरताना खालची पट्टी बरोबर पायरीच्या आड येते, हा धोका खरोखरचा आहे, एकदा पाय हुकला होता, कठड्यामुळे वाचले. तेव्हापासून जिन्याला नियम केलाय, कठडा धरायचा आणि हनुवटी छातीला लावून मोकळ्या काचेतून पायरी बघायची. आणि गाडी चालवायला ही पट्टी अजिबात नाही. अण्णांनी हा प्रश्न विचारलाच, विचारणारच होते. मॅडम हळू आवाजात पण स्पष्ट बोलल्या की काका, अर्धा रस्ता दिसत नाही, पट्टीने तो दिसत नाही, फक्त चाहूल लागते. घरी आल्यावर त्यांनी स्कूटरची किल्ली स्वतःच माझ्या हातात दिली. ३१ वर्षांत एक मोठा अपघात नाही त्या माणसाचा. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

वाचनाला पट्टीचा काही उपयोग नाही हेही लिहून ठेवते, कारण आम्ही त्या आशेवर होतो. डावं गेलेल्या माणसाला ओळीची सुरुवातच सापडत नाही. 'पाणीपुरवठा बंद' असं हेडिंग, अण्णा वाचायचे 'पुरवठा बंद' आणि विचारायचे कसला. त्यावर इलाज अगदी घरगुती निघाला, लाकडी पट्टीला लाल टेप लावून ती कॉलमच्या डाव्या कडेला उभी धरायची, आणि लाल दिसेपर्यंत नजर मागे न्यायची. लाल दिसलं की ओळ सुरू. पेपर वाचायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो, पण संपूर्ण वाचतात, अग्रलेखासकट. उजवी बाजू गेलेल्यांचं उलटं असतं, त्यांना ओळ सापडते पण पुढचा शब्द दिसत नाही, आपण डावीकडून उजवीकडे वाचतो त्यामुळे त्यांना वाचन जास्त जड जातं.

पट्टीसोबत नजर टाकायचा सराव पण रोज चालू ठेवला, माझ्या मते निम्मं श्रेय त्याचं आहे. आई मोठ्या परातीत तांदूळ पसरून देते, त्यात पाच दहा राजम्याचे दाणे टाकते, अण्णा ते शोधून काढतात, पण सुरुवात परातीच्या डाव्या काठापासून करायची, बोट काठाला लावून. आधी मान सारखी थोडी थोडी वळवत बसायचे, मॅडमनी सांगितलं की डोळ्यांची एकच मोठी उडी डावीकडे मारा, पार काळ्या भागाच्या पलीकडे, आणि मग हळू परत या. जेवायला बसलं की आता आधी डोळे डाव्या काठाला जातात. चटणीबद्दल विचारणं कधी बंद झालं ते आमच्या लक्षातही आलं नाही.

देखभाल सोपी आहे पण करावी लागते. रेघांमध्ये धूळ बसते, फडक्याने घासली तर चरे पडतात, कोमट पाण्याखाली धरून बोटाने हलकं चोळायचं. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्याने पांढरे डाग पडले, मग फिल्टरच्या पाण्याने धुवायला लागलो. साधारण चौथ्या महिन्यात पट्टी पिवळसर झाली आणि वरचा एक कोपरा सुटायला लागला, म्हणजे हा खर्च वर्षातून दोन तीनदा आहे असं धरूनच चला. लहान गावात ही मिळत नाही, आम्हाला दर वेळी पुण्याला जावं लागतं. साताऱ्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीही हे मिळायला हवं, स्ट्रोक काय फक्त पुण्या-मुंबईत होतात का?

पाचपैकी मी चार देईन. वस्तू म्हणून साडेतीनच, पुसटपणा आणि जिन्याच्या त्रासामुळे, पण अण्णा परत एकटे देवळात जायला लागले त्याचा अर्धा जास्त देतेय.

घरी कुणाला शंका असेल तर एक मिनिटाचं काम आहे. समोरासमोर हातभर अंतरावर बसा, त्यांना एक डोळा झाकून तुमच्या नाकाकडे बघायला सांगा, आणि तुम्ही बाजूने बोट हलवत हलवत आत आणा, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळ्यांना एकाच बाजूचं बोट दिसत नसेल तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका, सरळ न्यूरॉलॉजिस्टकडे. आणि हे अचानक झालं असेल तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं. हात पाय चालत असले तरी स्ट्रोक असू शकतो. आम्ही तो पहिला दिवस पित्ताच्या गोळीवर काढला, ते मला अजून झोपू देत नाही.

मागच्या शुक्रवारी दुसऱ्यांदा पट्टी बदलून आणली. या वेळी अण्णांनीच तंत्रज्ञाला थांबवलं, म्हणाले खालची पट्टी जरा खाली घ्या, जिना दिसंना. त्यांनी दीडेक मिलिमीटर खाली घेऊन तात्पुरती लावली, अण्णा उठले, हॉस्पिटलचा अख्खा जिना एकदा उतरले, एकदा चढले, परत आले, मान डावीकडे, समोर, परत डावीकडे अशी टाकून बघितली, डेपोतून गाडी बाहेर काढण्याआधी आरसा बघतात तशी, आणि म्हणाले, "आजून एक केसभर खाली घ्या, मग बसवा."